गाडी थरथरते, पण केव्हा?

शहापूरहून किन्हवलीच्या रस्त्याला लागलं की वाटेत शेणवा लागतं. भातकापणीच्या दिवसांत या रस्त्यावर सगळ्या जातीची वाहनं दिसतात. आसनगाव स्टेशनची भाडी मारणारी इको, भाताची पोती वाहणारा छोटा हत्ती, बाजाराला निघालेली बोलेरो, सुट्टीला गावी आलेल्या पोराची नवीकोरी छोटी गाडी. चार महिने चिखल, खड्डे आणि पाणी खाल्लेल्या या गाड्यांची दिवाळीच्या तोंडावर कुरकुर सुरू होते. गॅरेजात त्या कुरकुरीला ठरलेलं वाक्य आहे: "मिस्त्री, गाडी व्हायब्रेशन मारतेय."

या वाक्यावर दोन मिस्त्री दोन तऱ्हेने वागतात. एक जण लगेच बॉनेट उघडतो. "प्लग टाकून बघू" म्हणतो, मग "कॉइल टाकून बघू", मग "फाउंडेशन टाकून बघू". हे टाकून बघणं गिऱ्हाइकाच्या खिशातून चालतं. दुसरा मिस्त्री फडक्याला हात पुसत एवढंच विचारतो, "केव्हा मारते?" उभ्या गाडीत की चालत्या? थंड असताना की तापल्यावर? रेस दिली की वाढते, की जाते? काय बिघडलं हा प्रश्न तो मागाहून घेतो. कारण गाडीतला फिरणारा प्रत्येक भाग आपापल्या चालीने फिरतो, आणि बिघडला की त्याच चालीने हादरे देतो. हादऱ्याची वेळ कळली की भागाचं नाव निम्मं कळलेलं असतं.

गिरणीतलं इंजिन

गाडीचं इंजिन थरथरतं का हे समजून घ्यायला ते मुळात शांत कसं राहतं हे पाहावं लागतं. आता बहुतेक गिरण्या विजेवर चालतात, पण भाताच्या गिरणीतलं किंवा ओढ्यावरच्या पंपाचं एका सिलिंडरचं डिझेल इंजिन ज्यांनी पाहिलंय त्यांना हे लवकर कळेल. किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी पुण्याजवळ खडकीला १९४६ साली उभी राहिली आणि अशी इंजिनं महाराष्ट्राच्या शिवारात पसरली. त्यांचा 'डुग डुग' आवाज लांबूनही मोजता येतो. तो मोजता का येतो, यातच आपल्या विषयाची गुरुकिल्ली आहे.

इंजिन चार कामं पाळीपाळीनं करतं: हवा घेणं, ती दाबणं, इंधन पेटवणं, धूर सोडणं. या चार कामांत दट्ट्या दोनदा खाली आणि दोनदा वर जातो, म्हणजे क्रँकचे दोन फेरे होतात. ढकलणारं काम मात्र त्यातलं एकच, पेटण्याचं. बाकीची तीन कामं फुकटची हमाली असते. मिनिटाला ६०० फेऱ्यांनी फिरणारं इंजिन मिनिटाला ३०० वेळा पेटतं, सेकंदाला ५ वेळा. आपल्याला ऐकू येणारे डुगडुग म्हणजे ते पाच दणके. दोन दणक्यांच्या मधल्या वेळात इंजिन थांबू नये म्हणून बाजूला ते अवजड फ्लायव्हील असतं. आणि दणक्यांनी ते नाचत सुटू नये म्हणून खाली सिमेंटचा चौथरा करून त्यात बोल्ट गाडलेले असतात.

गाडीला चौथरा देता येत नाही. म्हणून तिथे दुसरा उपाय केला गेला: दणके वाढवायचे आणि लहान करायचे. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या प्रत्येक अर्ध्या फेऱ्याला कुणी ना कुणी पेटत असतं. एकाचं ढकलणं संपतं तिथे दुसऱ्याचं सुरू होतं. तीन सिलिंडरच्या इंजिनात हे अंतर दोन तृतीयांश फेऱ्याचं होतं. एका सिलिंडरचं ढकलणं फार तर अर्धा फेरा टिकतं, त्यामुळे मध्ये थोडा काळ असा जातो की कुणीच ढकलत नसतं. दोन सिलिंडरच्या इंजिनात तर पूर्ण फेऱ्याला एकच दणका.

आपल्या रस्त्यावर हे सगळे नमुने दिसतात. बुलेटचा एक सिलिंडर. २००५ साली आलेल्या टाटा एसचे, म्हणजे आपल्या छोट्या हत्तीचे दोन. १९८३ पासून घरोघर पोहोचलेल्या मारुती ८००चे तीन, आजच्या बोलेरोचेही तीन. इकोचे चार. २००९ साली आलेल्या नॅनोचं ६२४ सीसीचं पेट्रोल इंजिन दोन सिलिंडरचं होतं, आणि त्याचे हादरे मारायला आत मुद्दाम एक वेगळा तोल-दांडा बसवलेला होता.

चार सिलिंडरचं इंजिनही पूर्ण शांत नसतंच. दट्ट्याला जोडलेला कनेक्टिंग रॉड फिरताना तिरपा होत असल्यामुळे फेऱ्याच्या वरच्या अर्ध्यात दट्ट्या जास्त अंतर कापतो, खालच्या अर्ध्यात कमी. त्यामुळे वर जाणारे दोन आणि खाली येणारे दोन दट्टे एकमेकांना पूर्ण काटत नाहीत. थोडी शिल्लक उरते आणि ती एका फेऱ्याला दोनदा हादरा देते. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच यावर तोड काढली. इंजिनाच्या दुप्पट वेगाने, एकमेकांविरुद्ध फिरणारे दोन असमतोल दांडे आत बसवायचे, म्हणजे त्यांचा हादरा इंजिनाच्या हादऱ्याला छेदतो. काट्याने काटा काढण्याचाच हा प्रकार.

सांगायचा मुद्दा असा की थोडी थरथर हा आजार नाही, तो इंजिनाचा स्वभाव आहे. चार सिलिंडरची गाडी विकून तीन सिलिंडरची घेतली आणि स्टिअरिंगला बारीक झिणझिण्या यायला लागल्या, तर गॅरेजला जाण्याआधी गावातली त्याच मॉडेलची दुसरी गाडी पाच मिनिटं चालू करून बघा. दोन्ही सारख्याच थरथरत असतील तर पैसे वाचले. काल नव्हती आणि आज आली, त्या थरथरीचा माग काढायचा.

फाउंडेशन नावाचं रबर

इंजिन ज्या रबरी तुकड्यांवर टेकवलेलं असतं त्यांना आपल्या गॅरेजांत फाउंडेशन म्हणतात. शब्द ऐकून गिरणीतला चौथरा डोळ्यांपुढे येतो, पण काम अगदी उलटं आहे. चौथरा इंजिनाला हलू देत नाही. गाडीतलं फाउंडेशन त्याला मुद्दाम हलू देतं आणि तो हलका नाच बॉडीपर्यंत पोहोचू देत नाही. क्रायस्लर कंपनीने १९३१ साली आपल्या प्लिमथ गाडीत इंजिन असं रबरावर तोलून बसवलं आणि 'फ्लोटिंग पॉवर' या नावाने त्याची जाहिरात केली. इंजिन जणू तरंगतंय, असा त्याचा अर्थ.

हे कसं साधतं ते झोपाळ्यावरून कळतं. झोपाळ्याला त्याच्या स्वतःच्या लयीत हलका धक्का देत राहिलात तर तो उंच उंच जातो. त्याच झोपाळ्याला सेकंदाला दहा वेळा भराभर ढोसलात तर तो जागच्या जागी थरथरतो, झोका घेतच नाही. रबर मऊ असतं तेव्हा त्यावर तोललेल्या इंजिनाची स्वतःची लय संथ असते. इंजिनाचे दणके त्याहून खूप जलद येतात, म्हणून ते रबरातच जिरतात. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने रबर कडक झालं की ही लय जलद होते, दणक्यांच्या जवळ येते, आणि तेच दणके सीट, स्टिअरिंग, आरसे हलवू लागतात. इंजिन पूर्वीसारखंच ठणठणीत असतं. बिघडलेला असतो तो निरोप अडवणारा दारवान.

रबराचा दुसरा वैरी तेल. इंजिनाच्या बाजूने झिरपणारं ऑईल किंवा डिझेल फाउंडेशनवर पडत राहिलं तर रबर फुगतं, मऊ पडतं आणि फाटतं. काही गाड्यांच्या फाउंडेशनमध्ये रबराच्या आत द्रव भरलेला असतो. तो गळून गेला की बाहेरून रबर धडधाकट दिसतं आणि आतून रिकामं असतं. अशा फाउंडेशनभोवती ओलसर काळा डाग दिसतो.

परीक्षा सोपी आहे, पण ती मिस्त्रीसोबत करावी. हँडब्रेक ओढून, ब्रेक दाबून, पहिल्या गिअरमध्ये क्लच किंचित सोडायचा, लगेच दाबायचा. मग रिव्हर्समध्ये तसंच. गाडी जागची हलता कामा नये आणि तिच्या पुढे-मागे कुणी उभं राहता कामा नये. बाजूने बघणाऱ्याला इंजिन थोडं कलताना दिसलं तर ठीक. ते भसकन उचललं गेलं किंवा 'ठप्प' आवाज आला, तर फाउंडेशन तुटलंय.

उभी गाडी काय सांगते

आता मूळ प्रश्नाकडे. पहिली विभागणी उभ्या आणि चालत्या गाडीची. गाडी सपाटीला उभी, गिअर न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू. थरथर इथेच येत असेल तर टायर, रिम, ॲक्सल, ब्रेक या सगळ्यांची सुटका झाली. कारण ती फिरतच नाहीत.

मग रेस हळूहळू वाढवायची. फक्त स्लोला थरथरते आणि रेस दिली की शांत होते, अशा गाडीत दोन संशयित मोठे: कडक झालेलं फाउंडेशन, किंवा नीट न पेटणारा सिलिंडर. त्यांच्यातला फरक अंगाला कळतो, आणि त्यामागे साधं गणित आहे. स्लोला इंजिन मिनिटाला साधारण ८०० फेरे घेतं. चार सिलिंडर नीट पेटत असतील तर सेकंदाला जवळजवळ २७ दणके बसतात, म्हणजे एकसारखी बारीक भणभण. त्यातला एक सिलिंडर झोपला, तर त्याची पाळी येईल तेव्हा इंजिन गचका खातं. त्याची पाळी सेकंदाला ६ ते ७ वेळा येते. बसलेल्या माणसाच्या शरीराला खालून येणारे हादरे सर्वांत जास्त जाणवतात ते सेकंदाला ४ ते ८ याच टप्प्यात. म्हणून फाउंडेशनची थरथर झिणझिण्यांसारखी वाटते, आणि गाडी 'मिसिंग' मारत असेल तर लंगड्या घोड्यावर बसल्यासारखं होतं. सायलेन्सरपाशी कान दिला तर तोच लंगडेपणा ऐकूही येतो: फट, फट, फट, आणि मध्येच एक खाडा.

एसी लावल्यावरच थरथरत असेल तर कॉम्प्रेसरच्या ओझ्याने स्लो खाली बसतोय का ते बघायचं. निरोगी गाडी एसी लागताच स्लो आपणहून सावरते. थ्रॉटलच्या तोंडाशी काजळी साठली असेल तर तिला ते जमत नाही. तिथे नवा भाग घालायची गरज नसते, सफाई पुरते.

झोपलेला सिलिंडर शोधणं

चारातला कोणता झोपलाय? स्कॅनर लावला तर तो बऱ्याचदा नंबरच सांगतो. पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी०३०२ म्हणजे दुसरा. पी०३०० आला तर दोष एकाच सिलिंडरशी बांधलेला नाही, आणि मग इंधनाकडे, हवेच्या फुटक्या पाइपाकडे बघावं लागतं. पण स्कॅनर 'कोण' हे सांगतो, 'का' ते सांगत नाही. एखाद्या सिलिंडरचा कोड आला म्हणून लगेच त्याची कॉइल बदलणं म्हणजे पोरगं रडतंय म्हणून त्याला कुठलंही औषध पाजणं.

स्कॅनर नसतानाही मिस्त्री हे ओळखत आले आहेत. इंजिन चालू ठेवून एकेका सिलिंडरची वायर काढायची. काढल्यावर इंजिन आणखी लंगडलं, तर तो सिलिंडर कामावर होता. काढूनही काहीच फरक पडला नाही, तर तो आधीच झोपलेला होता. प्लगच्या वायरमधला झटका हजारो व्होल्टचा असतो, म्हणून हे काम हात बसलेल्या माणसाचं. दुसरी युक्ती अगदीच गावठी आणि अचूक. थंड इंजिन सुरू करून मिनिटभराने सायलेन्सरच्या नळ्यांवर, सिलिंडरपाशीच, पाण्याचा एकेक थेंब सोडायचा. पेटणाऱ्या सिलिंडरच्या नळीवर थेंब चर्र करून उडतो. झोपलेल्याच्या नळीवर तो ओघळत राहतो.

सिलिंडर सापडला, समजा दुसरा, की मग अदलाबदल. ज्या गाडीत प्रत्येक प्लगला वेगळी कॉइल आहे तिथे दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्याला लावायची आणि तिसऱ्याची दुसऱ्याला. दोष तिसऱ्याकडे गेला, तर कॉइल खराब. दोष जागीच राहिला, तर कॉइल निर्दोष. मग हाच खेळ प्लगचा. दर वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन एकदम बदलल्या तर गाडी बरी होईलही, पण कशाने ते कळणार नाही आणि दोन्हींचं बिल होईल. या सगळ्या चाचणीचा खर्च काय? पाना फिरवण्याचे कष्ट.

काढलेला प्लग फेकण्याआधी त्याचं तोंड बघावं. फिक्या तपकिरी रंगाचा असेल तर जळण बरोबर चाललंय. काळा, काजळलेला असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. ओला असेल तर इंधन येतंय पण ठिणगी पडत नाही. कॉइल आणि प्लग दोन्ही निर्दोष निघाले तर नोझल, टॅपेट आणि शेवटी कॉम्प्रेशन. कॉम्प्रेशनचा आकडा गाडीगणिक वेगळा असतो. महत्त्वाचं हे की चारही सिलिंडरांचे आकडे एकमेकांच्या जवळ असावेत. तिघे बरोबर आणि एक खूप खाली, तर व्हॉल्व्ह, रिंग किंवा हेड गॅस्केट. इथून पुढे काम मोठं.

सीएनजीवर चालणाऱ्या गाडीला देवाने एक जादाची चाचणी दिली आहे. गॅसवर थरथरते, तेव्हा बटण दाबून पेट्रोलवर टाका. थरथर गेली तर इंजिनाचा कणा शाबूत आहे, असं समजायला हरकत नाही. गॅस पेटवायला ठिणगी जास्त जोरकस लागते, म्हणून म्हाताऱ्या होत चाललेल्या प्लगचं आणि कॉइलचं बिंग आधी गॅसवर फुटतं. दोन्हींवर सारखीच थरथरत असेल तर मात्र गॅस किटला दोष देऊ नका.

आपल्या भागात आणखी एक संशयित आहे, चार पायांचा. भात घरात आलं की उंदीरही येतात आणि रात्री गरम इंजिनावर वस्तीला जातात. सकाळी गाडी अचानक मिसिंग मारू लागली, तर महागडे भाग उघडण्याआधी नोझलच्या, सेन्सरच्या बारीक वायरी आणि हवेचे रबरी पाइप कुरतडले आहेत का ते टॉर्च मारून बघा. फुटक्या पाइपातून बारीक 'सूं' आवाज येतो.

डिझेल गाडीला प्लगची ठिणगी नसते. तिथे थंडीतल्या पहाटे पहिली दोन-चार मिनिटं थरथर आणि पांढरा धूर, आणि नंतर सगळं ठीक, असं असेल तर हीटर प्लग तपासायचे. पावसाळ्यानंतर डिझेल फिल्टरच्या तळाशी साठलेलं पाणी सोडायचं. जुन्या जीपगाड्यांत मिस्त्री नोझलच्या पाइपाचा नट ढिला करून झोपलेला सिलिंडर शोधत. नव्या कॉमन रेल डिझेलमध्ये हे कधीही करू नये. त्या पाइपात १००० बारहून जास्त दाब असू शकतो, म्हणजे टायरमधल्या हवेच्या शेकडो पट. सुईसारखी धार कातडी फोडून आत शिरते.

चालत्या गाडीचं कोडं

उभी गाडी शांत आहे आणि चालताना थरथरते, तर पुढचा प्रश्न: थरथर इंजिनाच्या फेऱ्यांशी बांधलेली आहे की गाडीच्या वेगाशी? यासाठी मुंबई-नाशिक महामार्गावरचा मोकळा, सपाट तुकडा बरा. ज्या वेगाला थरथर येते तो वेग तसाच ठेवून वरच्या गिअरमधून खालच्या गिअरमध्ये यायचं. वेग तोच, पण इंजिनाचे फेरे वाढले. थरथर जशीच्या तशी राहिली, तर ती चाकांकडची. बदलली किंवा गेली, तर इंजिनाकडची. काही जण यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करून बघतात. कसाऱ्याच्या किंवा माळशेजच्या घाटात हा प्रयोग करू नये. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा अटकाव जातो, आणि सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो.

चाकाची लय इंजिनापेक्षा संथ असते. चौदा इंची रिमच्या साध्या गाडीचं चाक एका फेऱ्यात सुमारे १.९५ मीटर अंतर कापतं. ताशी ८० किलोमीटरला ते सेकंदाला साडेअकरा फेऱ्यांच्या आसपास फिरतं. त्याच वेळी इंजिन सेकंदाला चाळीसहून जास्त फेरे घेत असतं. स्टिअरिंग डावी-उजवी हलताना डोळ्यांना दिसते ती चाकाची थरथर, आणि नुसती झिणझिण जाणवते ती इंजिनाची, हा ढोबळ नियम यातूनच येतो. स्टिअरिंग हलली तर पुढची चाकं बघा. स्टिअरिंग शांत आणि सीट हलली तर मागची.

आणि इथे येतो शेणव्याच्या रस्त्याचा खास मुद्दा: चिखल. शेतापर्यंत नेलेल्या गाडीच्या रिमच्या आतल्या बाजूला चिखलाचा गोळा बसतो आणि वाळून घट्ट होतो. बाहेरून चाक स्वच्छ दिसतं. समजा, तो गोळा फक्त १०० ग्रॅमचा आहे. ताशी ८० किलोमीटरला तो चाकाला सुमारे ९ किलो वजनाइतक्या जोराने बाहेर ओढतो, आणि ही ओढ सेकंदाला अकरा वेळा दिशा फिरवते. वेग अर्धा केला की हा जोर चौथाईवर येतो. म्हणूनच किन्हवलीच्या रस्त्याला चाळीसच्या चालीत काही जाणवत नाही, आणि महामार्गाला लागलं की स्टिअरिंग हातात थडथडू लागते. मालक घाबरून म्हणतो, "इंजिन गेलं." गेलेलं काही नसतं. चाकाच्या आतल्या बाजूला पाण्याचा पाइप धरायचा असतो. तरी राहिलं तर बॅलन्सिंग, मग खड्ड्यात वाकलेली रिम, मग फुगा आलेला टायर.

बाकीचे प्रसंग थोडक्यात. गाडी जागेवरून उचलतानाच थरथरते आणि पुढे शांत होते, तर क्लच प्लेट. कसारा घाटातल्या कोंडीत हाफ क्लचवर तासभर सरकलेल्या गाड्यांत हे हमखास. ब्रेक मारल्यावरच स्टिअरिंग आणि पेडल थडथडतं, तर ब्रेक डिस्क. वळताना कटकट आवाज येतो, तर पुढच्या ॲक्सलचा बाहेरचा जॉइंट. इको, बोलेरो, छोटा हत्ती यांच्यात इंजिनाकडून मागच्या चाकांकडे जाणारा लांब जॉइंट असतो. त्याचा क्रॉस झिजला की गिअर पडताना 'ठक्' होतं आणि वेग धरताना खालून घुमल्यासारखं वाटतं.

खिशातलं यंत्र

पुण्यातली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे 'एआरएआय', ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था. तिथे गाड्यांचा आवाज आणि कंप मोजणारी प्रयोगशाळा आहे. गाडीच्या अंगावर जागोजागी संवेदक चिकटवून कोणता हादरा सेकंदाला किती वेळा येतो, याचा आलेख तिथे काढतात. त्या यंत्रातला महत्त्वाचा भाग, कंप मोजणारी बारीक चकती, तुमच्या मोबाइलमध्येही आहे. फोन आडवा केला की पडदा फिरतो, तो तिच्याच जोरावर. हादऱ्यांचा आलेख दाखवणारं ॲप घ्या, फोन सीटच्या पायापाशी घट्ट टेकवा आणि गाडी स्लोला चालू ठेवा. चार सिलिंडरच्या गाडीत ८०० फेऱ्यांना सेकंदाला २७ च्या आसपास टोक दिसलं तर ती इंजिनाची रोजची चाल. सहा-सातच्या आसपास मोठं टोक उठलं तर कुणीतरी झोपलंय. मोबाइल प्रयोगशाळेची बरोबरी करणार नाही. मात्र काम करून घेण्याआधीचा आणि नंतरचा आलेख शेजारी ठेवला, तर 'आता फरक वाटतोय ना?' या प्रश्नाला वाटण्यापलीकडचं उत्तर मिळतं.

काही थरथरींवर मात्र प्रयोग करत बसू नये. इंजिनाचा दिवा जळून-विझून लुकलुकतोय आणि गाडी मिसिंग मारतेय, तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेट घेतं आणि तो तापून निकामी होतो. थरथरीसोबत आतून ठोकल्यासारखा जड आवाज येतोय किंवा ऑईलचा लाल दिवा लागलाय, तर बेअरिंग. इंजिन तिथल्या तिथे बंद करून गाडी ओढून न्यावी. स्टिअरिंग एकाएकी जोरात हलू लागली, तर बाजूला घेऊन आधी चाकांचे नट हाताने तपासावेत. आणि चालू इंजिनावर वाकताना ओढणी, पदर, उपरणं, मफलर काहीच लोंबतं ठेवू नये. पट्टा डोळ्यांना दिसतो, पण विजेवरचा पंखा मात्र बंद दिसत असतानाही आपणहून फिरू लागतो.

तेव्हा गॅरेजला जाण्याआधी एक दिवस गाडीवर लक्ष ठेवा आणि आठवेल ते मोबाइलमध्ये टिपून ठेवा. मग शेणव्याच्या नाक्यावर मिस्त्रीने "केव्हा मारते?" असं विचारलं, की सांगता येईल: "तापल्यावर, उभ्या गाडीत, स्लोला. फक्त गॅसवर. पेट्रोलवर टाकली की जाते." एवढ्या बोलण्यात चाकं सुटली, जॉइंट सुटले, ब्रेक सुटले, फाउंडेशनही सुटलं. उरले प्लग, कॉइल, टॅपेट आणि गॅसचं किट. इकोची सीट उचलून इंजिनाला हात लावण्याआधीच मिस्त्रीला अर्धीअधिक गाडी बाजूला ठेवता आली, आणि तुम्हाला तिचं बिल.